परीक्षा रद्द करायची कुणी? २०२० च्या एका भांडणाचं पोस्टमॉर्टेम

६ जुलै २०२० ला रात्री भाच्याचा दापोलीहून फोन आला, "मामा, परत परीक्षा लागली." घरात रेंज नव्हती म्हणून बाईक काढून वरच्या टेपावर गेला होता. निसर्ग वादळाला जेमतेम महिना झालेला, ताईच्या घरावरची कौलं अजून अर्धी ताडपत्रीच होती, वीज येऊन-जाऊन, आणि हा पठ्ठ्या बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, मुंबई विद्यापीठ. मे अखेरीला त्याला कळलं होतं की परीक्षा नाही. आता कळलं की आहे. मधल्या काळात त्याने पुस्तकं मित्राला देऊन टाकली होती, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, पुण्यात आमच्या घरात उलटी बातमी. मुलगी सीबीएसईला, अकरावी आर्ट्स नुकतीच सुरू झालेली, म्हणजे लॅपटॉपवर. ती ओरडत आली की बाबा तीस टक्के सिलॅबस कट! यादी उघडून बघितली तर राज्यशास्त्रातलं संघराज्याचं प्रकरण पूर्ण गायब, त्याच्यासोबत नागरिकत्व, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता. तिला आनंद झाला, मला हसू आलं, कारण बरोब्बर त्याच आठवड्यात केंद्र आणि महाराष्ट्र सरकार यांचं जे काही चाललं होतं ना ते म्हणजे त्या गायब झालेल्या प्रकरणाचं जिवंत उदाहरण होतं.

तर हे प्रकरण पहिल्यापासून सांगतो, कारण बऱ्याच लोकांना ते फक्त "परीक्षा होणार की नाही" एवढंच आठवतं, आणि मला वाटतं खरी गंमत त्याच्या खालच्या थरात आहे.

कोरोना आला तेव्हा सरकारच्या हातात दोन कायदे होते. एक १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये इंग्रजांनी घाईघाईने केला आणि ज्याची अंमलबजावणी पुणेकरांना कशी वाटली हे त्याच वर्षी रँडला कळलं. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. हा आला २००४ च्या त्सुनामीनंतर, त्याआधी ओडिशाचं महाचक्रीवादळ आणि भूज झालेलं. म्हणजे डोक्यात चित्र होतं पूर, भूकंप, वादळ यांचं, दोन आठवडे बचावकार्य, सहा महिने पुनर्वसन, संपलं. वर्षभर चालणारी आपत्ती, आणि तिच्यात बीकॉमच्या सहाव्या सेमिस्टरचं काय करायचं, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार. पण कायद्याची रचना अशी आहे की देशात एक प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्यात एक, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, आणि आपत्तीत या कायद्याचं म्हणणं इतर कायद्यांच्या वर. म्हणजे एकाच कायद्याने दोघांच्या हातात दंडुका दिलेला. आणि अजून एक मजा, आपल्या घटनेत केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत त्यातल्या एकीतही "आपत्ती व्यवस्थापन" असा विषयच नाही! २००५ चा कायदा समवर्ती यादीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीवर बसवलेला आहे.

शिक्षणाचंही तसंच. आधी ते राज्याचं होतं, १९७६ ला आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत गेलं. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं ही गोष्ट पहिल्यापासून केंद्राच्या यादीत, त्यातूनच यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. म्हणजे कॉलेज राज्याचं, विद्यापीठ राज्याच्या कायद्याने, कुलपती राज्यपाल, दर्जा यूजीसीचा, आणि आपत्ती दोघांची. आता भांडण नाही होणार तर काय होणार.

सुरुवात साधीच होती. २९ एप्रिलला यूजीसीने सांगितलं की मधल्या वर्षांच्या मुलांना इंटर्नल आणि आधीच्या सेमिस्टरवर पुढे ढकला, शेवटच्या वर्षाची परीक्षा जुलैमध्ये घ्या. महाराष्ट्राने ते मान्यही केलं. मग मे मध्ये मुंबईत आकडे वाढायला लागले, आणि उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी यूजीसीला पत्र लिहिलं की शेवटच्या वर्षाचीही परीक्षा रद्द करायचं बघा. यावर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी भडकले, कुलपती मी असताना परस्पर पत्र कसं लिहिलं. ३१ मेला, रविवार होता, उद्धव ठाकरे यांनी जाहीरच केलं की परीक्षा होणार नाही, आधीच्या सेमिस्टरच्या सरासरीवर निकाल, ज्याला मार्क वाढवायचे असतील त्याला नंतर संधी. २ जूनला राज्यपालांची परत नाराजी. आणि ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, दापोली-मंडणगडपर्यंत पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे. म्हणजे बघा, ज्या आठवड्यात राजभवन आणि मंत्रालय यांच्यात आपत्तीतल्या अधिकारांवरून पत्रापत्री चालू होती त्याच आठवड्यात खरीखुरी, पुस्तकातल्यासारखी आपत्ती येऊन गेली, आणि भाच्याला आठवडाभर कळलंच नाही की राज्यपाल काय म्हणाले. त्याला त्याने काही फरकही पडला नाही म्हणा.

राजकारण होतं का, होतंच की. राज्यात महाविकास आघाडी, केंद्रात भाजप, राज्यपाल केंद्राने नेमलेले, आणि याच काळात राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री हे दर महिन्याला वेगळ्या विषयावर चालूच होतं. युवासेना परीक्षा रद्द करा म्हणणार तर समोरचे परीक्षा घ्याच म्हणणार हे ठरलेलं. पण नुसतं राजकारण म्हणून सोडून देणंही चुकीचं आहे, कारण राज ठाकरे यांनीसुद्धा राज्यपालांना पत्र लिहून परीक्षा नको असंच सांगितलं होतं, आणि दोन ठाकरे एका बाजूला म्हणजे तेव्हा दुर्मिळच योग.

१८ जूनला राज्याच्या आपत्ती प्राधिकरणाची बैठक झाली आणि १९ जूनला जीआर निघाला. हा जीआर मला या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. कारण इथपर्यंत जे मंत्र्यांचं मत होतं ते आता आपत्ती कायद्याखालचा निर्णय झालं. मुलांनी लिहून द्यायचं, परीक्षा हवी की सरासरीने पदवी हवी. वरवर बघता किती छान, ज्याला जे हवं ते.

पण एटीकेटीचं, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढे गेलेल्यांचं काय? भाच्याचा एक विषय पाचव्या सेमिस्टरचा राहिलेला. सरासरी कशाची काढणार, नापास झालेल्या पेपरची? शून्य धरून की सोडून देऊन? यावर शेवटपर्यंत नीट उत्तर नव्हतं, नंतर बघू असंच चाललं होतं. तो मला म्हणाला होता, मामा माझं म्हणजे तळ्यात-मळ्यात आहे. आणि अशी मुलं थोडीथोडकी नव्हती, आपल्याकडे बीकॉम-बीएला एटीकेटी म्हणजे काही अपवाद नसतो. मला अजूनही वाटतं की राज्य सरकारची बाजू तत्त्वाने बरोबर असली तरी गृहपाठ कच्चा होता, ज्या मुलांना पदवीची सगळ्यात जास्त घाई त्यांच्यासाठीच सूत्र तयार नव्हतं.

दुसरी भीती होती "कोरोना बॅच" म्हणून शिक्का बसायची. ही भीती हवेतली नव्हती. जुलैमध्ये कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर खरोखरच प्रमोटेड कोविड-१९ असं छापून आलं, बोंबाबोंब झाली, कृषिमंत्री दादा भुसे यांना मध्ये पडावं लागलं. विचार करा, कुणीतरी ऑफिसात बसून तो मजकूर टाइप केला असेल, प्रामाणिकपणे, नियमात बसतो म्हणून.

आणि मग ६ जुलै. यूजीसीने आर. सी. कुहाड समितीच्या शिफारशीवरून नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, शेवटच्या वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर सक्तीची, ऑनलाइन घ्या ऑफलाइन घ्या मिसळून घ्या पण घ्या. गृहमंत्रालयानेही त्याच दिवशी विद्यापीठांना परीक्षेची परवानगी दिली. एप्रिलमध्ये यूजीसीचा सूर "परिस्थिती बघून" असा होता, तेव्हा महाराष्ट्रात रुग्ण दहा हजारांच्या आसपास होते. जुलैत दोन लाखांच्या वर गेले आणि सूर झाला सक्तीचा. हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. दर्जाचा मुद्दा मला मान्य आहे, पण दर्जाची काळजी साथीच्या आकड्यांबरोबर उलटी का वाढावी?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या याचिका, युवासेनेचीही एक, महाराष्ट्र सरकारतर्फे अरविंद दातार, यूजीसीतर्फे तुषार मेहता. युक्तिवादात आयआयटीचा मुद्दा आला आणि तो मला फार पटला होता, कारण आयआयटी मुंबईने शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा न घेता आधीच्या कामावर ग्रेड देऊन टाकल्या होत्या, आणि २३ ऑगस्टला त्यांचा दीक्षान्त समारंभसुद्धा झाला, तोही कसा, तर मुलांचे कार्टूनसारखे अवतार स्क्रीनवर येऊन पदवी घेऊन गेले. पवईत अवतार पदवी घेतोय आणि दापोलीत भाचा टेपावर रेंज शोधतोय. दर्जा राखायला परीक्षाच लागते असं असेल तर मग आयआयटीचा दर्जा कुठे गेला? यावर उत्तर असं की आयआयटीमध्ये वर्षभर सतत मूल्यमापन होतं, आपल्या कॉलेजात सगळं शेवटच्या पेपरवर. उत्तर बरोबर आहे, पण ते ऐकून जास्तच वाईट वाटतं.

२८ ऑगस्टला न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने निकाल दिला, राज्यात तोवर रुग्ण सात लाखांवर गेलेले. टीव्हीवर पट्टी एकच, परीक्षा होणारच, महाराष्ट्राला दणका. पण निकाल नीट वाचला तर तो अर्धा-अर्धा आहे. कोर्ट म्हणालं की आपत्ती कायद्याखाली राज्य प्राधिकरण यूजीसीची ३० सप्टेंबरची तारीख बाजूला सारू शकतं, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे राज्याचं म्हणणं वर. राज्याने यूजीसीकडे मुदतवाढ मागावी आणि यूजीसीने ती लवकर विचारात घ्यावी. पण परीक्षाच न घेता पदवी द्यायची हा आपत्तीचा निर्णय नाही, तो शिक्षणाचा निर्णय आहे, आणि तो आपत्ती प्राधिकरणाच्या हातात नाही. तेवढ्यापुरता १८ जूनचा निर्णय आणि १९ जूनचा जीआर रद्द.

मला हा निकाल आवडला नव्हता तेव्हा, घरात एक पार्टी होती ना परीक्षेची. आता इतक्या वर्षांनी वाचताना वाटतं की त्यात एक फार कामाची रेघ आहे. वर्ग कधी भरवायचा, हॉलमध्ये गर्दी करायची की नाही, हे आपत्ती बघणारा ठरवेल. वर्गात काय शिकलं आणि ते आलं की नाही हे शिक्षण बघणारा ठरवेल. आपत्तीच्या नावाखाली दुसऱ्या गोष्टीला हात घालायचा नाही. ही रेघ महाराष्ट्र सरकारच्या विरोधात ओढली गेली, पण रेघ ती रेघ, ती सगळ्यांनाच लागू व्हायला पाहिजे होती. ती झाली का, ते पुढे येतं.

त्याआधी विदर्भ. निकालाच्या दोन-तीन दिवसांतच मध्य प्रदेशातून पाणी सुटलं, वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात रस्ते बंद. आणि १ सप्टेंबरपासून जेईई मेन. आपत्तीच्या पोटात आपत्ती, आणि दोन्हीच्या वर परीक्षा. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि सांगितलं की पुरामुळे ज्याला केंद्रावर पोहोचता आलं नाही त्याने अर्ज करावा, त्याचा विचार व्हावा. बस्स, एवढंच, ना पत्रकार परिषद ना दणका. तिकडे जेईई-नीट पुढे ढकला म्हणून सहा राज्यांच्या मंत्र्यांनी, त्यात आपले सामंत पण होते, जी फेरविचार याचिका केली होती ती ४ सप्टेंबरला फेटाळली गेली. कुणाला परीक्षेला पोहोचवायचं कसं, हा प्रश्न नागपुरात एका दिवसात सुटला, आणि परीक्षा हवी की नको हा चार महिने चघळला गेला.

ऑक्टोबरात परीक्षा झाली एकदाची. पन्नास मार्क, एक तास, पर्यायातून उत्तर निवडा, घरी बसून. दर्जाच्या नावाने एवढं रामायण झालं आणि शेवटी निघालं हे. १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, सगळी मुंबई, लोकलसकट, त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलले. दूरशिक्षणवाल्यांच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला असं विद्यापीठाने सांगितलं. भाच्याने काकांच्या गच्चीवर बसून पेपर दिले, हॉटस्पॉट शेजाऱ्याचा, एटीकेटीसकट पास, आणि मार्क इतके की आम्हाला कुणालाच त्याच्याबद्दल काही बोलावंसं वाटलं नाही. ताई फक्त म्हणाली, सुटला बाई. सरासरीने आले असते त्यापेक्षा जास्तच आले त्याला. तेव्हा कोर्ट जिंकलं की हरलं, राज्य जिंकलं की हरलं, मला विचारू नका.

आता परत ७ जुलैकडे, माझ्या मुलीच्या यादीकडे. शिक्षणमंत्री होते रमेश पोखरियाल निशंक. सीबीएसईने नववी ते बारावी तीस टक्के अभ्यासक्रम कमी केला, कारण वर्गच भरत नव्हते, आणि हे करणं गरजेचंच होतं, आपल्या राज्य मंडळानेही नंतर पंचवीस टक्के कमी केला. पण यादी बघा. अकरावीला संघराज्य आणि धर्मनिरपेक्षता. दहावीला लोकशाही आणि विविधता, जात-धर्म-लिंगभाव, जनआंदोलनं. बारावीला नोटाबंदी. ममता बॅनर्जींपासून सगळे तुटून पडले. दुसऱ्याच दिवशी सीबीएसईचा खुलासा, की हे फक्त २०२०-२१ पुरतं, परीक्षेत विचारणार नाही एवढंच, शिवाय हे विषय इतर ठिकाणी येतातच. मंत्र्यांनी ट्वीट केलं की निवडक विषय उचलून राजकारण करताय, गणित-विज्ञानातलंही कमी केलंय. ते खरंच होतं, फिजिक्सचंही बरंच गेलं होतं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला फिजिक्स गेल्याचं का वाईट वाटलं नाही? यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

नंतर सुचलं ते असं. परीक्षेच्या भांडणात कितीही तमाशा झाला तरी कागद होते. जीआर होता, बैठकीची तारीख होती, समितीच्या अध्यक्षाचं नाव होतं, दोन्ही बाजूंचे वकील होते, आणि शेवटी कारणांसकट निकाल होता जो आजही कुणीही काढून वाचू शकतो. अभ्यासक्रमाच्या बाबतीत एक यादी आली आणि एक खुलासा आला. या प्रकरणाऐवजी ते का नाही, हे प्रकरणनिहाय कुणी सांगितलं नाही, आणि कुणी कोर्टात ओढून विचारलंही नाही, कारण सिलॅबस कमी झाला म्हणून कोणता विद्यार्थी रडत कोर्टात जाणार? कोर्टाने ऑगस्टमध्ये ओढलेली रेघ इथे लावून बघायला हवी होती. वेळ कमी आहे म्हणून किती कमी करायचं, हा झाला आपत्तीचा प्रश्न. काय कमी करायचं, हा शिक्षणाचा.

२०२१ मध्ये तर सगळं फिरलंच. दुसरी लाट, आणि १ जूनला पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीनंतर सीबीएसईची बारावीची परीक्षा रद्द. दहावी, अकरावी, बारावीचे मार्क तीस-तीस-चाळीस टक्क्यांनी धरून निकाल. म्हणजे सरासरीच की! वर्षभरापूर्वी जी गोष्ट दर्जा बुडवणारी होती ती आता विद्यार्थ्यांच्या हिताची झाली. आपल्याकडे दहावीही रद्द, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, मग अकरावी प्रवेशासाठी सीईटी काढली ती हायकोर्टाने रद्द केली. कुणीच कुणाला काही बोलायच्या परिस्थितीत राहिलं नाही.

आणि "फक्त एका वर्षापुरतं" चं काय झालं? संघराज्य पुढच्या वर्षी परत आलं. पण २०२२ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, पुस्तकंच हलकी करायला घेतली, कारण तेच, कोरोनामुळे मुलांवर आलेला ताण. शाळा तोवर उघडल्या होत्या. दहावीच्या पुस्तकातून लोकशाही आणि विविधता, जनआंदोलनं, लोकशाहीपुढची आव्हानं ही प्रकरणं गेली ती छापील पुस्तकातूनच गेली. उत्क्रांतीही गेली. बारावीतून गुजरात दंगलींचा मजकूर गेला. जून २०२३ मध्ये पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव, हे दोघे त्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार, त्यांनी एनसीईआरटीला लिहिलं की आमची नावं पुस्तकावरून काढा, ही पुस्तकं आता आम्हाला ओळखू येत नाहीत. एनसीईआरटीने सांगितलं की असं नाव काढता येत नाही, कॉपीराइट आमचा. प्रकरणं काढता येतात, नावं नाही.

मुलीची अकरावीची पुस्तकं मागच्या दिवाळीत रद्दीत काढायला घेतली. सातव्या प्रकरणावर, म्हणजे त्याच संघराज्याच्या, तिने तेव्हा पेन्सिलने मोठी फुली मारलेली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच तिरपी रेघ, आणि समासात लिहिलंय "नाहीये, यस्स!!" भाचा आला होता फराळाला, आता चिपळूणला एका सीएकडे कामाला आहे. त्याने ते उघडं पान बघितलं, पाच-दहा मिनिटं उभ्या-उभ्या वाचत राहिला, मग म्हणाला, मामा, हे तर आपल्या वेळेचंच आहे सगळं, आणि पुस्तक पिशवीत टाकून घेऊन गेला.